बिनफोडणीचं वरण

ऑपरेशननंतर मी घरी आलो तेव्हा आमच्या घरात दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. एक माझं आजारपण आणि दुसरं अक्काचं सुतक. मला फक्त पहिली माहीत होती. दुसरी कळेपर्यंतच्या काळात मी घरातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा चुकीचा अर्थ लावला. ते कसं झालं, तेवढंच लिहायला बसलो आहे. एका बैठकीत फार लिहवत नाही. जमेल तसं लिहितो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन ती माहेरी, सीमाभागातल्या आमच्या राजेश्वर गावी परतली. पोटी मूल नव्हतं. आई गेल्यावर मला आणि धाकट्या दत्तूला तिनंच वाढवलं. मी शाळेत मराठी शिकवतो, दत्तू शेती बघतो. माझी बायको कमल, दत्तूची बायको मंगल आणि अक्का धरून घरात आम्ही पाच माणसं. आता चार.

गड्डी

बरेच महिने शौचातून रक्त जात होतं. मी त्याला मूळव्याध समजत होतो. आमच्या भागात मूळव्याधीचं औषध देणारे खूप, त्यामुळे डॉक्टरकडे जायला उशीर होतो. अक्का रोज ताकाचा तांब्या पुढं ठेवायची. शेवटी चक्कर येऊन वर्गात फळ्याला धरून उभा राहिलो, तेव्हा दत्तू मला कलबुर्गीला घेऊन गेला.

तपासण्या झाल्या. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या मराठी पेपराकडे पाहिलं, आणि दत्तूकडे वळून कन्नडमध्ये सांगितलं, "करळाग गड्डी अद. सोलापूरक कर्कोंड होग्री." आतड्यात गाठ आहे, सोलापूरला घेऊन जा. मला कळणार नाही असं त्यांना वाटलं असावं. माझी सगळी नोकरी कन्नड शिक्षकांच्या शेजारी बसून झाली आहे. मी विचारलं, "एष्टु दोड्ड अदरी?" केवढी मोठी आहे? डॉक्टर खजील झाले आणि मग दोघांशी हिंदीत बोलू लागले.

गड्डी म्हटलं की मला कांद्याची, लसणाची दिसते. मुळासकट उपटलेली, माती लागलेली. त्या दिवसभर मनात तेच होतं. भीती अशी वाटली नाही. एक शब्द चुकीच्या जागी वापरला गेला आहे, एवढंच वाटत राहिलं.

परतताना दत्तू म्हणाला, "अण्णा, अक्काला आताच सांगू नको. बीपीची गोळी हाय तिला."

"नको," मी म्हणालो. लपवायला आम्ही असे आधीच शिकलो होतो.

रात्रीच्या जेवणाला अक्कानं भाकरी वाढता वाढता दोघांकडं पाहिलं. "तुमी दोघं कवापासून एवढं गुमान जेवायलाव? एरवी तर कालवणात मीठ कमी हाय म्हनून गाव गोळा करताव." मग हात पुसून समोर बसली. "सांगा. काय निघालं?"

सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "काढता येतंय का?"

"येतंय म्हणलेत," दत्तू म्हणाला.

"मग काढा की. त्याच्यात तोंड पाडून बसायचं कामून?"

येतो म्हण

सोलापूरला निघालो त्या सकाळी गाडीत बसताना मी म्हणालो, "जातो, अक्का."

"जातो काय म्हनायलास! मराठीचा मास्तर हायस न्हवं तू? येतो म्हण."

"येतो."

"हां." मग तिनं खिडकीतून एक लहान उशी आत सारली. जुन्या लुगड्याची खोळ, आत कापूस. "दवाखान्याच्या उशीत ढेकणं असतेत," ती म्हणाली. कमल हसली, म्हणाली, "अक्का, एवढ्या मोठ्या दवाखान्यात ढेकणं असतेत व्हय?" "मोठ्या दवाखान्यात मोठी असतेत," अक्का म्हणाली आणि गाडीमागं चूळभर पाणी टाकून आत गेली.

हे आमचं शेवटचं बोलणं.

दवाखाना

दवाखान्याबद्दल फार लिहीत नाही. तिथं दिवस औषधांच्या ट्रॉलीच्या आवाजाने सुरू होतो आणि त्याच आवाजाने संपतो. मी एक जाडजूड पुस्तक नेलं होतं, त्याचं एकच पान पुन्हा पुन्हा वाचलं. नर्सनं एक गोष्ट शिकवली, ती सगळ्यांना उपयोगी पडेल: पोटाला टाके असताना खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरायची, मगच खोकायचं. अक्काची उशी त्या मापाची निघाली. नर्स म्हणाली, "ही छान आहे, कुठं मिळाली?"

शुद्धीवर आलो तेव्हा पोटाच्या उजव्या बाजूला एक पिशवी लावलेली होती. आतड्याचं तोंड तिथं बाहेर काढलं होतं, काही महिन्यांपुरतं. आधी सांगितलं होतं, तरी सांगणं वेगळं आणि दिसणं वेगळं.

अतिदक्षता विभागातून मला वॉर्डात आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दत्तू दिसला नाही. कमल म्हणाली, "तुरीची रास करायची हाय म्हणून गेलेत." थंडीचे दिवस होते, मळणीचे, राशीचे दिवस होते. मी पुढं विचारलं नाही. त्याच दिवशी भर दुपारी कमल खोलीबाहेर गेली आणि ओल्या केसांनी परत आली. केसांतून पाणी गळत होतं. "केस लई तेलकट झालते," ती म्हणाली. गार पाण्याने न्हालेली असावी, दात वाजत होते. मला वाटलं, दवाखान्याच्या वासाला कंटाळली.

फोनवर अक्काशी बोलायचं म्हणालो तर दत्तू तिकडून म्हणाला, "अक्का गाणगापूरला गेलीय. सेवेला बसलीय तुझ्यासाठी. तू बरा होईस्तोर मौन धरलंय, फोनवर बोलायची न्हाई."

"अक्कानं? मौन?"

"व्हय," दत्तू म्हणाला. "आमाला बी नवल वाटायलंय."

मी खूप दिवसांनी हसलो, उशी पोटाशी धरून. दत्ताच्या दारात अक्का तोंड मिटून बसली आहे, शेजारच्या बायकांना हातवारे करून रांगेत उभं राहायला शिकवते आहे, असं चित्र मी मनाशी रंगवलं. बरं होण्याला एक कारण मिळालं. मी चालायला लागलो की स्वतः गाणगापूरला जाऊन तिला घेऊन यायचं, तिचं मौन सोडवायचं, असं ठरवून टाकलं.

घरची सोबत

डिस्चार्ज मिळाला. दत्तू न्यायला आला तेव्हा कानटोपी घालून होता. घरी पोचल्यावर टोपी काढली तर डोकं तासलेलं, मिशीही नाही.

"हे काय रे?"

त्यानं टोपी खुंटीला अडकवली. "नवस बोललो होतो. तुझं ऑपरेशन नीट झालं तर केस देईन म्हणून."

दत्तूला आपल्या मिशीचा केवढा अभिमान, ते सबंध राजेश्वर जाणतं. मला भरून आलं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानं मान फिरवली. लाजला असं वाटलं.

मला पथ्य होतं. मऊ भात, वरण, मीठ, बस्स. तेल नाही, तिखट नाही. पहिल्या जेवणाला पाहिलं तर सगळ्यांच्या ताटात तेच होतं, पिवळंधमक बिनफोडणीचं वरण आणि भात. मंगलला ताटात ठेचा नसला तर घास उतरत नाही, तीही मुकाट्यानं तेच जेवत होती.

"अगं, तुम्ही कामून हे खायलाव?" मी म्हणालो. "तुमचं तुम्ही करून घ्या की."

मंगल कमलकडं बघायला लागली. कमल म्हणाली, "तुमच्यासमोर फोडणीचा वास कशाला."

या जेवणांनी मला औषधापेक्षा जास्त ताकद दिली, हे खरं आहे आणि आजही मी ते परत घेत नाही. रोज दोन्ही वेळा स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचा आवाज येत नसे आणि त्या न आलेल्या आवाजाचा अर्थ मी असा घेत असे की हे घर माझ्यासोबत पथ्य पाळतं आहे.

पिशवीचं काम सुरुवातीला कमलनं केलं, मग दत्तूनं मागून घेतलं. तो जनावरांचं करतो तसंच माझं करायचा, न बोलता, किळस न आणता. एकदा म्हणाला, "म्हशीपेक्षा तू बराय, लाथ मारत न्हाईस." पिशवीबद्दल दुसऱ्यांना एवढंच सांगेन की पहिल्याच दिवशी धीर करून बघून घ्या. मी बरेच दिवस छताकडं बघत राहिलो, आणि न बघितलेली गोष्ट बघितलेल्यापेक्षा मोठी होत जाते.

घरात ताण नव्हता असं नाही. कमल आणि मंगल एकमेकींशी हळू आवाजात भांडत. मी हाक मारली की दोघी गप्प होत. "सांगून टाका एकदाचं," असं मंगल एकदा म्हणाल्याचं मी ऐकलं. "टाके तर निघू देत," कमल म्हणाली. काय सांगायचं आहे, ते मी विचारलं नाही. विचारायला धजलो नाही, हे जास्त बरोबर.

न आलेला चहा

मग लोक भेटायला येऊ लागले. आधी बाहेरच्या खोलीत दत्तूजवळ बसायचे. बोलणं कमी. मग एकेक जण आत येऊन माझ्याकडं बघायचा, "बरं हाय न्हवं?" म्हणायचा आणि खाली बघायचा. आमच्या घरी आलेला माणूस चहाशिवाय गेला, असं अक्काच्या राज्यात कधी झालं नाही. आता चहा कोणी विचारत नव्हतं आणि कोणी मागतही नव्हतं.

आणि कोणीही निघताना "येतो" म्हणत नव्हतं.

माझ्या ते एकदम लक्षात आलं नाही. शब्दांशी माझा रोजचा संबंध, तरी नाही आलं. लक्षात आलं ते मठपती सरांमुळे. ते आमच्या शाळेत कन्नड शिकवतात. कन्नडमध्येही निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'बर्तीन्री' म्हणतात, म्हणजे येतोच. रोज शाळा सुटताना त्यांचं 'बर्तीन्री, सर' आणि माझं 'येतो, सर' हे ठरलेलं. त्या दिवशी ते बसले, माझा हात हातात घेतला, उठले, दाराशी वळून पाहिलं, ओठ हलले, आणि तसेच निघून गेले.

मृत्यू झालेल्या घरातून माणूस 'येतो' न म्हणता उठतो. असल्या कामासाठी पुन्हा यायला लागू नये, म्हणून. हे मला लहानपणापासून माहीत आहे. चहा-पाणी घेत नाहीत, हेही. मी पडल्या पडल्या सगळे येऊन गेलेले आठवले. एकही 'येतो' नव्हता.

त्यावरून मी जो निष्कर्ष काढला तो त्या वेळी अगदी तर्कशुद्ध वाटला. गाठ पूर्ण निघालेली नाही. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं आहे, घरच्यांनी गावाला सांगितलं आहे. लोक मला बघायला येत नाहीत, माझ्या मागं राहणाऱ्यांना भेटायला येत आहेत. मंगलला जे 'सांगून टाकायचं' होतं ते हेच.

दोन-तीन दिवसांनी सकाळी स्वयंपाकघरात मोहरी तडतडली. मग जिरं, कढीपत्ता, हिंग. वास माझ्या पलंगापर्यंत आला. माझ्या ताटात तेच पांढरं-पिवळं, पण बाकीच्यांचं वरण आता फोडणीचं होतं. पथ्यात सोबत करण्याचा काही उपयोग उरला नाही, असं घरानं मानलं असणार. मी ताट सरकवलं.

"काय झालं? दुखायलंय का?" कमलनं विचारलं.

"न्हाई. भूक न्हाई."

संध्याकाळीही जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी दुधाचा पेला तसाच परत दिला. दत्तू पिशवी बदलायला आला तर म्हणालो, राहू दे. त्यानं ऐकलं नाही, बदलली.

कमल सांगते

दुपारी कमल उकडलेल्या भाताची पेज घेऊन बसली. "दोन चमचे तरी घ्या."

"कमल, अक्काला बोलावून घे."

तिनं चमचा पेल्यात ठेवला.

"दत्तूला म्हणावं गाणगापूरला जाऊन घेऊन ये. मौन सोड म्हणावं. मी बरा होणार न्हाई, हे मला कळलंय. तुम्ही सगळ्यांनी लपवलंत, माझं काही म्हणणं न्हाई. पण अक्काला एकदा बघू द्या."

"बरा होणार न्हाई? कोण म्हणलं तुमाला?"

"कोणी म्हणायला कशाला पाहिजे? इतकी माणसं आली, एक तरी 'येतो' म्हणून गेला का?"

कमल माझ्याकडं बघत राहिली. तिला आधी कळेना. मग कळलं तसा तिचा चेहरा बदलत गेला, आणि ती एकदम मोठ्यानं रडायला लागली. मंगल दारात येऊन उभी राहिली.

"तुमचं न्हाई वो ते," कमल म्हणाली. "तुमचं न्हाई. अक्का गेल्या."

"गेल्या ते ठाऊकाय. गाणगापूरला."

"न्हाई वो. अक्का गेल्या."

क्रियापद तेच होतं. मी मुलांना शिकवताना सांगतो की एकाच शब्दाचे अर्थ संदर्भानं बदलतात.

माझा पहिला प्रश्न होता, "मग माझं?"

"तुमचं समदं निघालंय. डाक्टरनं सोताच्या तोंडानं सांगितलंय. कागद दाखवू का?"

मला बरं वाटलं. ते लिहायलाच हवं. छातीवरून काहीतरी उतरलं, हात-पाय हलके झाले. मी मरणार नव्हतो. काही क्षण तेवढंच होतं, आणि त्यानंतर अक्का गेल्याचं माझ्यापर्यंत पोचलं. या क्रमाचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. असं तुमचं झालं तर स्वतःला फार बोल लावू नका, एवढं सांगू शकतो. शरीर आधी स्वतःपुरतं बघतं.

मग दोघींनी मिळून सांगितलं. मी वॉर्डात आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का ओसरीवर जुन्या तांदळातले खडे निवडत बसली होती. "तो आला की मऊ भात लागंल, नव्या तांदळाचा गिचका होतोय," असं मंगलला म्हणाली. मंगल पाणी भरून आली तर अक्का भिंतीला टेकलेली, सूप मांडीवर. झोप लागली असं वाटलं.

दत्तूनं अग्नी दिला. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं सुतक तीन दिवसांचं, असं भटजी म्हणाले होते. दत्तू म्हणाला, "आईचं केलं तेवढंच करणार." डोकं तासलं, तेरा दिवस धरले. मी घरी आलो तेव्हा ते चालू होते. तेरावा मळ्यात केला, मला वास लागू नये म्हणून. सुतकात फोडणी देत नाहीत; मंगलनं दिली ती त्यानंतर.

"तुमाला वाटलं आमी तुमच्यासाठी बिनफोडणीचं खायलाव," कमल म्हणाली. "तुमी इतके खूश झालाव, मग कसं सांगू?"

"मौनाचं कुणी काढलं?"

"मी," मंगल दारातूनच म्हणाली. "दुसरं कायच सुचंना. अक्का फोनवर बोलल्या न्हाईत तर तुमी काय ऐकणार होताव?"

तांदळाचं मी नंतर विचारलं. हो, मी खात होतो तो तोच होता. तिनं निवडून झालेला बाजूला काढला होता. अर्धा मात्र मंगलनं निवडला.

माझे तीन दिवस

संध्याकाळी दत्तू मळ्यातून आला, त्याला कळलं होतं. दाराशीच उभा राहिला. मी म्हणालो, "नवस बोलला होतास व्हय रे?"

"चूक झाली, अण्णा."

"मिशी तरी ठेवायचीस. लई वंगाळ दिसायलास."

तो हसला आणि मग खाली बसून रडला. घरात इतके दिवस त्याला रडायला जागा मिळाली नव्हती. माझी खोली सोडून सगळीकडं माणसं होती आणि माझ्या खोलीत मी होतो.

बातमी उशिरा कळली तर कळल्यापासून तीन दिवस धरतात. मी धरतो म्हणालो. "आजाऱ्याला न्हाई लागत सुतक," मंगल म्हणाली. "लागत नसेल," मी म्हणालो, "पण मला धरायचंय." अंगावर पाणी घेता येत नव्हतं. कमलनं ओल्या फडक्यानं अंग पुसलं आणि पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. ते गार होतं. सोलापूरची ती दुपार मला तेव्हा कळली.

रात्री जेवायला बसलो. माझ्या ताटात मऊ भात, बिनफोडणीचं वरण. दत्तूच्या ताटात तेच. मंगलच्या, कमलच्याही तेच. त्यांचे दिवस होऊन गेले होते. मी सगळं जेवलो.

दुसऱ्या दिवशी मठपती सर आले. सगळं उलगडल्याचं त्यांना दत्तूनं सांगितलं असावं. बराच वेळ बसले. माझ्या घरी सुतक होतं, तेव्हा चहा नव्हताच. उठले, दाराशी थांबले. मला वाटलं, आजही तसेच जातील, रीत तीच आहे. सरांनी इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बर्तीन्री, सर." रीत मोडून. मी म्हणालो, "या, सर."

चौथ्या दिवशी सकाळी मी पलंगावर उठून बसलो होतो. स्वयंपाकघरात वरण शिजल्याचा वास होता. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. एरवी असं काही विचारायचं असलं की अक्काला विचारत. मंगल पदराला हात पुसत माझ्या दाराशी आली.

"अण्णा," ती म्हणाली, "देऊ का फोडणी?"

ती थांबली.

"दे," मी म्हणालो.

तेल तापलं, मोहरी तडतडली, वरणात फोडणी पडल्याचा चर्र आवाज झाला. मिरचीचा ठसका घरभर गेला. ओसरीवर दत्तू खोकला, आत कमल खोकली. मलाही खोकला येणार हे कळलं तसा मी हात मागं नेऊन उशी ओढली, पोटाशी घट्ट धरली आणि खोकलो.